भुईगावचा शिलालेख आणि घरातील चाकर

शास्त्रभाग : यशया ५८:१-७; मत्तय २३:२३-२८; फिलेमोनाला पत्र, संपूर्ण.

वसई तालुक्याच्या पश्चिमेस, समुद्राला लागून, भुईगाव नावाचे गाव आहे. केळीच्या वाड्या, विहिरी, सुरूची झाडे आणि पलीकडे वाळूचा किनारा असे त्याचे रूप. ह्या सर्व टापूत ख्रिस्ती वस्ती पुष्कळ असून ती पोर्तुगीज अमदानीपासूनची, म्हणजे चारशे वर्षांहून जुनी आहे. येथून जवळच सोपारे. आज आगगाडीच्या स्थानकावर ‘नालासोपारा’ अशी पाटी दिसते. परंतु तेथे उतरणाऱ्या गर्दीपैकी किती जणांस ठाऊक असेल की, दोन हजार वर्षांपूर्वी हे पश्चिम किनाऱ्यावरील एक नामांकित बंदर होते? शलमोन राजाची गलबते ज्या ओफीराहून सोने आणीत (१ राजे ९:२६-२८), ते ओफीर म्हणजे हेच सोपारे, असे काही विद्वानांनी मांडले आहे. ते सिद्ध झालेले नाही. म्हणून उपदेशक बंधूंनी ते उपासनेत खात्रीने सांगू नये. ह्या ठिकाणाविषयी जे सिद्ध आहे, तेच आपल्या आजच्या पाठास पुरेसे आहे.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांस सोपाऱ्यास एका दगडाचा तुकडा सापडला. त्यावर सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा काही भाग कोरलेला होता. पुढे १९५६ साली भुईगाव येथे एन्. ए. गोरे ह्या विद्वानांस तसाच दुसरा तुकडा मिळाला. तो अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा निघाला. दगड फुटलेला आहे आणि लेख अपुरा आहे. तथापि हाच लेख ह्या राजाने गिरनार, कालसी, शाहबाजगढी इत्यादी दूरदूरच्या ठिकाणी खडकांवर कोरविला असल्यामुळे त्याचा संपूर्ण आशय आपणांस ठाऊक आहे. राजा होऊन गेला ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात, म्हणजे आपल्या प्रभूच्या जन्मापूर्वी सुमारे अडीचशे वर्षे. तो बुद्धाचा उपासक होता. त्याला मोशेचे नियमशास्त्र ठाऊक नव्हते आणि संदेष्ट्यांची वचने त्याच्या कानी पडली असतील असे मानण्यास काही आधार नाही. असे असूनही त्याने ह्या लेखात जो प्रश्न हाती घेतला आहे, तो आपल्या प्रत्येक मंडळीच्या दारात उभा आहे. म्हणून आम्ही हा पाठ त्या दगडापासून आरंभिला.

राजा म्हणतो की, लोक नाना प्रकारची मंगलकार्ये करितात. कोणी आजारी पडले म्हणजे करितात, मुलामुलींच्या लग्नात करितात, मूल जन्मले म्हणजे करितात, प्रवासास निघताना करितात. बायका तर विशेषेकरून पुष्कळ, बारीकसारीक आणि निरर्थक कार्ये करितात, असेही त्याने लिहिले आहे. (येथे राजाशी आमचा थोडा मतभेद आहे. कार्य बायका करीत असतील. परंतु मांडवासाठी, वाजंत्र्यासाठी व पंगतीसाठी सावकाराच्या कागदावर अंगठा उठवितो तो बहुधा पुरुषच असतो, आणि लोकांत आपले नाक राहावे म्हणून उठवितो.) वाचकहो, ते चार प्रसंग पुन्हा मोजून पाहा. दुखणे, लग्न, जन्म आणि प्रवास. बावीसशे वर्षांत ह्या यादीत काय बदलले आहे?

आणि आपण ख्रिस्ती झालो म्हणून आपल्या घरी बदलले आहे काय? नारळ व अंगारा गेला हे खरे. परंतु तापाने फणफणलेल्या लेकराच्या उशाखाली पवित्र शास्त्र ठेवावयाचे आणि ते उघडून मात्र वाचावयाचे नाही, हे आम्ही अनेक घरी पाहिले आहे. मूल दुखणाईत झाले म्हणून धावत जाऊन बाप्तिस्मा द्यावयास लावणारे आईबाप आहेत. मूल बरे झाल्यावर त्याला प्रभूची ओळख करून देण्याची आठवण त्यांस दहा वर्षे होत नाही. अमावास्येला घराचा पाया न घालणारा मंडळीचा वडीलही पाहावयास मिळतो. तो म्हणतो, “आमचा विश्वास नाही हो, पण लोक काय म्हणतील?” गंड्याच्या जागी क्रूस आला आणि मंत्राच्या जागी प्रभूची प्रार्थना आली, मनातील भय होते तेथेच बसून राहिले.

आता राजाने ह्यावर काय सांगितले ते नीट ध्यानात घ्यावे. कारण घाईने वाचणारा येथे चुकतो. ही मंगलकार्ये बंद करा असे तो म्हणत नाही. तो म्हणतो, कार्ये अवश्य करावी. मात्र त्यांचे फळ थोडे असते. ज्याचे फळ मोठे असे एक वेगळे मंगल आहे, त्याला तो धर्ममंगल म्हणतो. हे धर्ममंगल कोणते? येथे त्याने कोणत्याही देवतेचे, मंदिराचे किंवा मंत्राचे नाव घेतलेले नाही. दास व चाकर ह्यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा मान राखणे, प्राणिमात्राविषयी संयम ठेवणे, श्रमणांस व ब्राह्मणांस दान करणे, अशी गणना त्याने केली आहे. तिच्यात पहिले नाव दासाचे व चाकराचे आहे.

राजाच्या हाताखाली हजारो चाकर असावेत आणि खरा धर्म कोणता हे सांगताना त्यानेच प्रथम चाकराकडे बोट दाखवावे, ही गोष्ट आम्हांस विचार करावयास लावणारी वाटते. ह्याच राजाने कलिंग देश जिंकताना लाखभर माणसे मारली गेली व दीड लाख लोक देशोधडीस लागले, असे आपल्या तेराव्या लेखात स्वतःच नमूद केले असून त्याबद्दल आपणांस खेद होतो असे कबूल केले आहे. विजयाच्या दगडावर पश्चात्ताप कोरणारे राजे जगाच्या इतिहासात फार नाहीत.

आता यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय उघडावा. इस्राएल लोक तक्रार करितात की, आम्ही उपास करितो, जिवास कष्ट देतो, तरी देव लक्ष का देत नाही? संदेष्टा उत्तर देतो की, तुमच्या उपासाच्या दिवशीच तुम्ही आपल्या मजुरांकडून कसून काम करून घेता, भांडता आणि ठोसे मारता. देवाला आवडणारा उपास म्हणजे जू मोडणे, भुकेल्यास आपल्या भाकरीचा वाटा देणे, उघड्यास वस्त्र देणे. यशयाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय आणि आमोसाचा पाचवा अध्याय हेच सांगतात. सणांचा देवाला वीट आला आहे, गायनाचा आवाज त्याला नको झाला आहे. का, तर वेशीत न्याय मिळत नाही म्हणून. संदेष्टे एकांतातील साधू नव्हते. ते मंदिरात येजा करीत असत व मंदिराच्या अंगणातच उभे राहून बोलत असत. ही गोष्ट पुढे आपल्या उपयोगी पडेल.

प्रभू येशूने शास्त्री व परूशी ह्यांस जे सुनावले (मत्तय २३:२३) त्याची रचना तर भुईगावच्या लेखाच्या इतकी जवळ आहे की, पाठ घेणाऱ्याने दोन्ही शेजारी ठेवून दाखवावी. ते लोक पुदिना, शेप व जिरे ह्यांचाही दशमांश मोजून देत. म्हणजे परसातल्या वाफ्यातील दहा काड्यांपैकी एक काडी देवाची! आणि न्याय, दया व विश्वास ह्या भारी गोष्टी त्यांनी सोडून दिल्या होत्या. प्रभूने त्यांस दशमांश देणे बंद करा असे सांगितले काय? नाही. ह्या गोष्टी करावयाच्या होत्याच, त्या मात्र सोडावयाच्या नव्हत्या, असा त्याचा भावार्थ आहे. वर्गणी चुकली तर पंच विचारतात हे योग्यच आहे. परंतु वर्गणी भरणाऱ्या भावाने आपल्या वाडीतील गड्याची तीन महिन्यांची मजुरी अडकवून ठेविली आहे काय, हे कोणत्या पंचाने कोणत्या सभेत विचारले? याकोबाने विचारले आहे (याकोब ५:४). तो म्हणतो की, अडकवून ठेविलेली मजुरीच ओरडत असते व कापणी करणाऱ्यांचे रडणे देवाच्या कानी गेलेले असते.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, “हेच तर आम्ही सांगत होतो. मंडळी, पाळक, पंच, नोंदवही, प्रार्थनामंदिराची इमारत, हा सर्व बाहेरचा पसारा आहे. धर्म अंतःकरणात असतो. आम्ही आमच्या शेतात, आमच्या झाडाखाली देवाची आठवण करितो. रविवारी त्या चार भिंतींत जाऊन त्याच माणसांची तोंडे कशाला पाहावयाची?” असे बोलणारे बंधू प्रत्येक गावात असतात व अलीकडे त्यांची संख्या वाढत आहे. त्यांस धर्मभ्रष्ट म्हणून सोडून देणे सोपे आहे, आणि तसे करणारे उपदेशक आळशी आहेत असे आम्ही स्पष्ट म्हणतो. ह्या बंधूंपैकी काहींना खरोखरच जखम झालेली असते. कोणाच्या मयतीस मंडळी आली नाही; कोणाच्या मुलीचे लग्न जातीच्या कारणावरून ख्रिस्ती घरातच मोडले; कोणी हिशोब विचारला म्हणून त्याचे नाव काढून टाकले. याकोबाने दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्या मनुष्यास पुढे बसविणाऱ्या व फाटक्या वस्त्राच्या मनुष्यास पायाजवळ बसावयास सांगणाऱ्या मंडळीचे जे चित्र काढले आहे, ते काल्पनिक नव्हते. आपल्या काही मंडळ्यांत ती अंगठी सोन्याची नसून जातीची आहे, एवढाच फरक.

आपल्याच महाराष्ट्रात दोन थोर शिष्य ह्या प्रश्नातून गेले आहेत व त्यांची साक्ष ऐकल्यावाचून निर्णय करणे बरोबर होणार नाही.

पंडिता रमाबाई ह्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे झाला. ज्या भगिनीमंडळाने त्यांस आश्रय दिला, त्यांच्याशीच पुढे त्यांचा पत्रव्यवहारात मोठा वाद झाला. धर्मगुरू सांगतील तेवढे निमूटपणे मान्य करावे, ही गोष्ट त्यांच्या सदसद्विवेकास पटेना. एक ब्राह्मणी शास्त्रबंधन तोडून आलेली स्त्री दुसऱ्या बंधनात सहजासहजी कशी शिरणार? परंतु रमाबाईंनी आपल्या साक्षीच्या पुस्तकात, जे १९०७ साली प्रसिद्ध झाले, आणखी एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली आहे. बाप्तिस्मा झाल्यावर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की, आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो मिळालेला नाही. बाप्तिस्मा घेतलेल्या, विद्वान, पुस्तके लिहिणाऱ्या बाईने असे कबूल करावे! उपदेशक बंधूंनी हा प्रसंग वर्गात सावकाश सांगावा. मंडळीच्या नोंदवहीत नाव आहे एवढ्यावर निर्धास्त बसलेल्यांस त्याची गरज आहे.

तथापि त्यानंतर रमाबाई एकांतात जाऊन बसल्या नाहीत. केडगावास मुक्तिसदन उभे राहिले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि कोणी विचारत नव्हते अशा मुली व विधवा घेऊन आल्या. शेकडो जिवांचे जेवण, शाळा, छापखाना, शेती, विहिरी, हिशोब, ह्यांहून अधिक ‘पसारा’ कोणता असेल? ज्या बाईने दुसऱ्यांच्या धर्मव्यवस्थेपुढे मान वाकविली नाही, तिलाच आपल्या अंतरातील ख्रिस्तासाठी एक व्यवस्था उभारावी लागली.

दुसरी साक्ष रे. नारायण वामन टिळक ह्यांची. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी पुष्कळ वर्षे सेवा केली, त्यांस दीक्षा मिळाली, ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादकत्वही त्यांनी केले. इतके सर्व करून १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी व पगार सोडला. ते साताऱ्यास गेले आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन करण्याच्या उद्योगास लागले. ह्या दरबारात बाप्तिस्मा झालेले व न झालेले असे ख्रिस्ताचे दोन्ही प्रकारचे शिष्य एकत्र यावेत, ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या हिंदी मनुष्यास परक्या देशाच्या संस्थेच्या दारातून जावे लागू नये, अशी त्यांची इच्छा होती. त्या वेळी पुष्कळांस हे आवडले नाही. आज त्यांच्या मनातील वेदना आपणांस अधिक समजते. पगार देणारा परदेशी, घेणारा देशी. आज्ञा करणारा एक, पाळणारा दुसरा. अशा संबंधात बंधुत्व हा शब्द गुदमरतो. येथेही प्रश्न धनी आणि चाकर ह्यांचाच होता हे वाचकांच्या ध्यानी आले असेलच.

परंतु टिळकांचे उत्तर कोणते होते तेही पाहा. मिशन सोडून ते निर्जन स्थळी गेले नाहीत. त्यांनी दरबार काढला! दरबार म्हणजे पुन्हा माणसे जमविणे आले. दीड-दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, मुंबईस त्यांचे देहावसान झाले, आणि दरबाराला मूळ धरावयास वेळ मिळाला नाही. त्यांची पदे व अभंग मात्र राहिले. ते कोणी राखले? ज्या मंडळ्यांच्या चाकोरीस कंटाळून कवी बाहेर पडला, त्याच मंडळ्यांनी. नगर जिल्ह्यातील व अन्य ठिकाणच्या लहान लहान गावांत, रविवारी, टाळ व पेटी घेऊन, काही वेळा सूर चुकवीत, अक्षर न येणाऱ्या म्हाताऱ्यांनीही ती पाठ केली. शेताच्या बांधावर एकटा प्रार्थना करणारा बंधू जे पद गुणगुणतो, ते त्याला कोठे मिळाले हे त्याने एकदा आठवून पाहावे. त्याच्या एकांतातही मंडळीचे देणे आहे.

आता पुन्हा भुईगावच्या दगडाकडे येऊ. कारण त्याची कथा पुरी झालेली नाही. नवव्या लेखातच राजाने सांगितले आहे की, धर्ममंगल हेच चांगले असे मनुष्याला त्याच्या पित्याने, पुत्राने, भावाने, धन्याने सांगावे. काही ठिकाणच्या पाठात मित्र, सोबती आणि शेजारी ह्यांचीही नावे आहेत. राजाला कळून चुकले होते की, अंतःकरणाचा धर्म हा एकट्याच्या अंतःकरणावर सोडून भागत नाही. कोणीतरी जवळच्याने तोंडावर सांगावे लागते. झाडाखाली बसणाऱ्या आपल्या बंधूची खरी उणीव हीच आहे. त्याची प्रार्थना खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळ वेळा ती मंडळीतल्या लांबलचक प्रार्थनेहून खरी असेल. परंतु त्या झाडाखाली त्याला “अरे, तुझ्या गड्याचे पैसे का दिले नाहीस?” असे विचारणारा कोणी नाही. झाड विचारीत नाही. आणि मनुष्य स्वतःला हा प्रश्न फार क्वचित विचारतो. मंडळीत जाऊनही जर तो प्रश्न कोणी विचारीत नसेल, तर ती मंडळी आणि ते झाड ह्यांत सावलीपुरताच फरक उरला.

राजाने तर अधिकारीही नेमले. राज्याभिषेकानंतर तेरा वर्षांनी आपण धर्ममहामात्र नेमले असे त्याने पाचव्या लेखात लिहिले आहे. चाकर, अनाथ, वृद्ध व बंदीत पडलेले लोक ह्यांचे हित पाहणे हे त्यांचे काम होते. ओरिसातील धौली व जौगड येथील लेखांत, हे लेख ठरलेल्या दिवशी लोकांस ऐकवावेत असाही हुकूम आहे. अधिकारी, खडक, ठरलेले दिवस ह्यांपैकी काही कमी पडले नाही. तरी पुढे काय झाले? राजा गेला, त्याचा वंश गेला, अधिकारी गेले. लेख खडकावर होते, पण ती लिपीच लोक विसरले. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप नावाच्या इंग्रज विद्वानाने ती उलगडीपर्यंत कित्येक शतके ती अक्षरे कोणास वाचता आली नाहीत. आमच्या भुईगावास तर तो दगडच फुटून पडून राहिला. त्याच्या आसपास गावकरी नांगरले, जेवले, भांडले, त्यांची लग्ने लागली, त्यांच्यात मुले जन्मली, दुखणी आली आणि माणसे प्रवासास निघाली. म्हणजे राजाने सांगितलेले चारही प्रसंग घडत राहिले आणि राजाचा सल्ला शेजारी मुका पडून राहिला. आज तो तुकडा मुंबईस छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. मुंबईस काही कामाने जाणाऱ्या उपदेशकाने तो जरूर पाहावा.

ह्याच टापूत दुसरे एक उदाहरण आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला घेतला आणि पोर्तुगीजांची सत्ता गेली. किल्ल्यातील मोठमोठी देवळे ओस पडली. त्यांच्या छपरे नसलेल्या भिंती आजही उभ्या आहेत. ज्या राज्याच्या आश्रयाने येथे ख्रिस्ती धर्म आला, ते राज्य गेल्यावर धर्मही जाईल असे कोणासही वाटले असते. पण गावागावांतील रोमन कॅथलिक लोकांनी, देशी धर्मगुरूंच्या साहाय्याने, आपली श्रद्धा टिकविली. काही गोष्टींत त्यांचे मत व आमचे मत वेगळे आहे, ते असो. येथे शिकावयाचे इतकेच की, दगडी देवळे पडली तरी वाडीतील घरांत, संध्याकाळी, एकत्र म्हटली जाणारी प्रार्थना पडली नाही. ती वैयक्तिक होती काय? होय, आईने लेकराच्या कानात सांगितलेली होती. संघटित होती काय? तीही होती; ठरलेल्या वेळी, ठरलेल्या शब्दांत, सर्वांनी मिळून म्हटलेली होती. आपण ज्या दोन गोष्टी वादासाठी वेगळ्या काढतो, त्या त्या घरांत कोणी वेगळ्या काढल्या नव्हत्या.

प्रभूनेही काढल्या नाहीत. त्याने सांगितले की, प्रार्थना करावयाची तर आपल्या खोलीत जाऊन, दार लावून कर (मत्तय ६:६). आणि दोनचार ओव्या सोडून त्याच अध्यायात, काय म्हणावे हे शिकविताना, त्याने ‘माझ्या’ हा शब्द दिला नाही. ‘आमच्या’ हा शब्द दिला. दार लावलेले आहे, आत एकच मनुष्य आहे, आणि तो बोलतो अनेकांच्या वतीने! भाकर मागावयाची तीही आमची. ज्याच्या मनात हा ‘आमच्या’ शब्द घर करील, त्याला आपल्या गड्याच्या भाकरीविषयी बेफिकीर राहता येईल काय? लूक सांगतो की, शब्बाथ दिवशी सभास्थानात जाण्याचा प्रभूचा परिपाठ होता (लूक ४:१६). तेथील लोकांचे दोष त्याला आपणांहून अधिक दिसत असले पाहिजेत. तरी तो जात असे, आणि गेल्यावर गप्प बसत नसे.

राहिले फिलेमोनाला लिहिलेले पत्र. नव्या करारातील पौलाच्या पत्रांत हे सर्वांत लहान, अवघ्या पंचवीस ओव्यांचे. विषय एका चाकराचा. अनेसिम नावाचा दास आपल्या धन्यापासून पळाला, तुरुंगात पडलेल्या पौलाच्या सहवासात आला आणि ख्रिस्ती झाला. त्याला परत पाठविताना पौल धन्याला लिहितो की, आता दास म्हणून नव्हे तर प्रिय बंधू म्हणून ह्याचा स्वीकार कर. ह्याने काही नुकसान केले असेल, काही देणे असेल, तर ते माझ्या नावावर मांड. इतकी घरगुती, इतकी खाजगी गोष्ट दुसरी कोणती असेल? धनी आणि त्याचा चाकर. मध्ये पडणारा पौल कोण? आजचा पुष्कळसा सुशिक्षित मनुष्य म्हणेल की, हा फिलेमोनाच्या अंतःकरणाचा प्रश्न आहे, तो त्याने एकांतात देवाशी सोडवावा.

पण दुसरी ओवी पाहा. पत्र एकट्या फिलेमोनाला नाही. अप्फियेला आहे, अर्खिप्पाला आहे आणि फिलेमोनाच्या घरी जमणाऱ्या मंडळीला आहे! म्हणजे हे पत्र त्या घरात, सर्वांदेखत, मोठ्याने वाचले गेले असावे. पत्र घेऊन आलेला अनेसिमही तेव्हा जवळच असला पाहिजे. कदाचित दाराशी उभा असेल. सर्वांच्या नजरा धन्याकडे वळल्या असतील. पौल हुकूम करीत नाही. तसा अधिकार असूनही प्रीतीस्तव विनंती करितो, असे तो स्वतःच म्हणतो. निर्णय फिलेमोनाच्या अंतःकरणावरच सोपविला आहे; परंतु तो निर्णय करितेवेळी ते अंतःकरण एकटे राहू दिलेले नाही. फिलेमोनाने काय केले ते शास्त्रात लिहिलेले नाही. मात्र ते पत्र फाडून टाकण्यात आले नाही. राजाने खडकावर कोरलेला लेख वाचणारे उरले नाहीत. तुरुंगातून आलेला हा कागदाचा कपटा कोणीतरी जपून ठेवला, उतरवून घेतला, शेजारच्या मंडळीला दिला, आणि तो आज आपल्या हाती आहे.

पाठ घेणाऱ्या बंधूंस एक सूचना. ह्या आठवड्याचा वर्ग प्रार्थनामंदिरात न भरविता कोणा एका शेतकरी भावाच्या ओटीवर भरवावा. त्याच्याकडे कामास असलेली माणसे, मग ती ख्रिस्ती असोत वा नसोत, त्यांसही त्या वेळी बोलवावे व ज्या सतरंजीवर इतर बसतात तिच्यावरच बसवावे. विवेचन थोडके करावे. फिलेमोनाला पत्र पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत एकदा सावकाश वाचावे; पाच मिनिटांहून अधिक लागत नाही. मग काही वेळ कोणीही बोलू नये. घरधन्यास काही बोलावेसे वाटल्यास प्रथम त्याला बोलू द्यावे.